गळती, डाग आणि पोकळ आवाज: अलिबागजवळच्या एका घरगुती जलतरण तलावाचं प्रकरण

अलिबाग तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात, नारळ-पोफळीच्या वाडीत हा बंगला आहे. मालक पती-पत्नी ठाण्याला राहतात, सुट्टीला आणि सणासुदीला इथे येतात. एरवी बंगला आणि तलाव दोन्ही गावातलेच एक केअरटेकर सांभाळतात. तलाव ९ मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद. एका टोकाला ११० सेंटिमीटर खोल, दुसऱ्या टोकाला १५०. म्हणजे साधारण ५२ हजार लिटर पाणी. आरसीसीचं टाकं, आतून वॉटरप्रूफिंगचा गिलावा, त्यावर पांढऱ्या सिमेंटच्या थरात बसवलेली दोन सेंटिमीटरची काचेची मोझॅक टाइल आणि सांध्यांत सिमेंटचंच ग्राउट. बांधकामाला चौदा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात आतल्या पृष्ठभागाची कोणी दुरुस्ती केली नव्हती.

ऑक्टोबरात पाऊस उघडला आणि पाणी रोज उतरू लागलं. केअरटेकरांचे शब्द होते, "साहेब, रोज दोन बोटं पाणी जातंय. मोटर लावून भरतो, सकाळी परत तेवढंच." मालकांनी एका ठेकेदाराला दाखवलं. त्याने तळाकडे बोट दाखवून सांगितलं की टाइल निघाल्या आहेत, पाणी तिथूनच जातंय, तलाव लगेच रिकामा करून सगळी फरशी बदलू, दिवाळीला पोरं पोहतील. मालकीणबाईंचा प्रश्न साधा होता: "चौदा वर्षं झाली म्हणजे बदलायला हवीच का? की कोणी आम्हाला घाबरवतंय?"

दोन्ही शंका रास्त होत्या. फरशी खरोखरच संपत आली होती, पण ठेकेदाराने सांगितलेल्या कारणामुळे नव्हे. आणि त्याने सांगितलेल्या वेळी काम सुरू केलं असतं तर फरशीबरोबर तळाचा स्लॅबही गमावण्याची वेळ आली असती. म्हणून तपासणीला गेल्यावर मी या प्रकरणात काय तपासलं आणि कोणत्या क्रमाने, ते सविस्तर मांडतो.

पाणी कुठे जात होतं

फरशीचा निर्णय आणि गळतीचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत, हे आधी मालकांना पटवावं लागलं. टाइल पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो काँक्रीटचा आणि त्यावरचा वॉटरप्रूफिंगचा थर. चार टाइल निघाल्या म्हणून तलाव गळतोच असं नाही, आणि एकही टाइल निघालेली नसताना तलाव धो-धो गळू शकतो.

सुरुवात बादलीपासून केली. तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली पायरीवर ठेवायची, आतल्या पाण्याची आणि बाहेरच्या तलावाची पातळी बादलीवर खुणेने नोंदवायची आणि चोवीस तासांनी दोन्ही बघायची. वाफेने जाणारं पाणी दोन्हीकडे जवळपास सारखंच जातं, त्यामुळे जो फरक पडतो तो गळतीचा. पंप चालू ठेवून तलाव ३२ मिलिमीटर उतरला, बादली ५. पंप बंद ठेवला तेव्हा तलाव २८, बादली पुन्हा ५. चाळीस चौरस मीटरच्या तलावात पंचवीसेक मिलिमीटर म्हणजे दिवसाला हजार लिटरच्या पुढे. पंप चालू असो वा बंद, फरक थोडाच पडत होता. म्हणजे दाबाखालच्या पाइपांवर संशय कमी झाला.

पावसाळाभर हे कोणाच्या लक्षात का आलं नाही, हेही इथेच कळतं. वरून भर पडत होती आणि बाहेरच्या जमिनीतलं पाणीही वर आलेलं होतं, त्यामुळे आतून बाहेर ढकलणारा दाब कमी होता. पाऊस उघडला तशी दोन्ही कारणं गेली आणि जुनी गळती दिसू लागली. ऑक्टोबरात "अचानक" गळायला लागलेल्या तलावांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मग खायचा रंग. पंप बंद करून पाणी अगदी शांत होऊ दिलं आणि सिरिंजमध्ये लाल रंग घेऊन एकेका संशयित जागेजवळ सोडला. तळाच्या जाळीशी रंग तिथेच रेंगाळला. निघालेल्या टाइलच्या खड्ड्यांशीही तेच. दिव्याच्या कोनाड्याशी मात्र रंगाची रेघ सरळ आत ओढली गेली. दिव्याची वायर ज्या पाइपातून मागे जाते त्या पाइपाचं तोंड सील केलेलंच नव्हतं, किंवा केलेलं सील झिजून गेलं होतं. वीज मुख्य स्विचपासून बंद करून, इलेक्ट्रिशियनला समोर उभं करून दिवा काढला आणि पाण्याखाली घट्ट होणाऱ्या दोन भागांच्या एपॉक्सी पुट्टीने तोंड बुजवलं. पुढच्या बादली चाचणीत तलाव ६ मिलिमीटर, बादली ५. गळती संपली आणि एकही टाइल बदलावी लागली नाही. पाण्यातल्या दिव्याची वायरिंग आणि अर्थ लीकेजचा ब्रेकर त्याच वेळी तपासून घेतला. ज्या कोनाड्यातून वर्षानुवर्षं पाणी वाहतं तिथली वीज तपासल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

डाग कशाचे होते

फोनवरच्या फोटोंत तळ भयानक दिसत होता. तपकिरी पट्टे, काळपट-जांभळे ठिपके, ग्राउटवर निळसर छटा, पाण्याच्या रेषेवर पांढरं कवच. घरमालक सहसा याच दृश्याने घाबरतात. पण डाग आणि पृष्ठभागाचं आयुष्य यांचा संबंध बहुतेक वेळा नसतो.

तपकिरी पट्ट्यावर व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा मिनिट दाबून धरली. गोळीखालचा डाग उडाला. म्हणजे तो लोखंडाचा, विहिरीच्या पाण्यातून किंवा गंजक्या पाइपातून आलेला. जांभळे ठिपके पायऱ्यांजवळच होते आणि पायऱ्यांवर जांभळाचं झाड होतं. जूनमधल्या सड्याचा आणि कुजलेल्या पानांचा तो रंग क्लोरीनने फिका पडला. निळसर छटा मोरचुदाची. शेवाळासाठी मोरचूद टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि त्यातलं तांबं सिमेंटच्या ग्राउटवर बसतं. पाण्याच्या रेषेवरचं कवच हे उन्हाळ्यातल्या जड पाण्याचं. हे सगळं स्वच्छ होण्यासारखं होतं.

तीन डाग मात्र वेगळे होते. खोल टोकाला, रुपयाएवढे, गंजाच्या रंगाचे, प्रत्येकाच्या मधोमध केसाएवढी चीर. केअरटेकर म्हणाले की घासले की जातात आणि महिन्याभरात त्याच जागी परत येतात. जागा बदलत नाही आणि मागे चीर आहे, म्हणजे आत सळई गंजते आहे. किनाऱ्यालगतच्या, उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरीच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि ते सळईपर्यंत पोचलं की गंज थांबत नाही. हा डाग धुण्याचा नाही, तिथे काँक्रीट उघडावंच लागतं. त्या तीन जागा खुणा करून ठेवल्या.

बरणीतल्या टाइल

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बोलका पुरावा केअरटेकरांनी आपण होऊन जपला होता. तळ साफ करताना, गाळणीत, पायऱ्यांवर सापडलेल्या सुट्या टाइल ते एका बरणीत टाकत आले होते, पुढे कधी लावता येतील म्हणून. बरणी ओतून टाइल पाठीवर पालथ्या मांडल्या.

निघालेल्या टाइलची पाठ नेहमी बघावी. पाठ काचेसारखी स्वच्छ असेल तर बसवताना टाइल नीट धरलीच नव्हती, किंवा काच आणि सिमेंट यांच्यातली पकड सुटली. असं इकडे-तिकडे होतं, त्याने फार बिघडत नाही, तेवढ्या टाइल परत चिकटवता येतात. पण पाठीला सिमेंटचा चिकटलेला थर असेल आणि तो नखाने भुकटी होऊन पडत असेल, तर पकड टाइलपाशी सुटलेली नाही, खालचा थरच सुटत चालला आहे. या बरणीत दोन्ही जाती होत्या. केअरटेकरांच्या आठवणीप्रमाणे पूर्वी निघालेल्या टाइल बहुतेक स्वच्छ पाठीच्या, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत निघालेल्या बहुतेक वाळूसारखी भुकटी घेऊन आलेल्या. शिवाय या अलीकडच्या टाइल एकेकट्या निघत नव्हत्या, चार-सहाच्या झुबक्याने निघत होत्या. इथे पहिल्यांदा मला वाटलं की पृष्ठभाग बदलावा लागेल.

दुसरी खूण सांध्यांची. उथळ टोकाला सांध्यावरून नख फिरवलं तर नख खाली अडकत होतं. एक रुपयाचं नाणं उभं धरलं तर त्याची कड सांध्यात सहज बसत होती. टाइल चार मिलिमीटर जाड, आणि ग्राउट बऱ्याच ठिकाणी दोन मिलिमीटरहून जास्त खाली गेलेलं. ग्राउट खाली गेलं की काचेच्या टाइलच्या कडा उघड्या पडतात. गेली दोन वर्षं नातवंडांचे पायाचे अंगठे सोलवटत होते, आणि घरच्यांनी त्याचा दोष मुलांच्या दंग्याला दिला होता. मुलांच्या तळव्यांवर, अंगठ्यांवर किंवा गुडघ्यांवर दर सुट्टीत ओरखडे दिसत असतील, पोहण्याच्या कपड्यांची बसायची बाजू विरत असेल, तर आधी सांधे बघावेत. ग्राउट टाइलच्या अर्ध्या जाडीच्या खाली गेलं की ते बदलण्याची वेळ झाली, असं मी धरतो.

अमेरिकेत ॲरिझोना किंवा टेक्सासमध्ये घरामागे तलाव असलेल्या मराठी कुटुंबांना इथे थोडा फरक करून वाचावं लागेल. तिथले बहुतेक घरगुती तलाव टाइलचे नसतात. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा सेंटिमीटरभर जाडीचा प्लास्टर असतो, टाइलची पट्टी फक्त पाण्याच्या रेषेला. तिथे खूण म्हणजे सॅंडपेपरसारखा खरखरीतपणा, पापुद्रे सुटणं आणि पांढऱ्याखालून करडं काँक्रीट डोकावणं. खालचं करडं दिसू लागलं की घासून, पॉलिश करून काही उरत नाही. पाण्याचं रसायन मात्र दोन्हीकडे एकच.

हे पाणी सिमेंट का खात होतं

चौदा वर्षांत पांढऱ्या सिमेंटच्या थराची भुकटी होणं हे केवळ वयाचं नव्हतं. तलावातलं पाणी दोन आठवडे रोज विहिरीच्या पाण्याने भरलं जात असूनही मोजणीत कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेला चुना) ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७०), अल्कॅलिनिटी (पीएच टिकवून धरणारे क्षार) ४० आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क याचं माप) ७.० निघाला. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये पाण्याच्या समतोलाचा जो निर्देशांक मांडला, तो आजही तलावांसाठी वापरतात. पीएच, तापमान, कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी यांवरून तो सांगतो की पाणी चुना सोडेल की चुना विरघळवेल. शून्याच्या आसपास असेल तर पाणी शांत. उणे ०.३ च्या खाली गेलं की ते सिमेंटमधून चुना ओढू लागतं. या तलावाचा आकडा उणे १.३ च्या आसपास आला. असं पाणी भुकेलं असतं, आणि तलावात त्याला खायला सिमेंटशिवाय काही नसतं.

कोकणात हे दरवर्षी का होतं, याचा हिशेब सोपा आहे, पण तो करताना मी फार कमी लोकांना पाहिलं आहे. अलिबागला वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. या तलावाची सरासरी खोली १३० सेंटिमीटर. म्हणजे चार महिन्यांत तलावाच्या खोलीच्या दीडपट पावसाचं पाणी त्यात पडतं आणि तेवढंच वरून वाहून जातं. पाणी नीट मिसळत राहिलं असं धरलं, तर जूनच्या सुरुवातीच्या पाण्यातला जेमतेम पाचवा हिस्सा सप्टेंबरअखेर उरतो. जूनमध्ये ३०० पीपीएम कॅल्शियम असेल तर शेवटी ६०. पावसाच्या पाण्यात चुना जवळपास नसतोच, आणि अल्कॅलिनिटीही तशीच उतरते. लोणावळ्याला पाऊस याच्या दुपटीच्या आसपास, तिथली गत आणखी वाईट.

त्यात माणसाने घातलेली भर. क्लोरीनसाठी इथे टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) वापरत होते. ते आम्लधर्मी असतं, आणि अल्कॅलिनिटी कमी असलेल्या पाण्यात पीएच झपाट्याने खाली खेचतं. केअरटेकर दाणे पायऱ्यांवरून टाकायचे. ते विरघळायच्या आधी पायऱ्यांवर आणि तळावर जाऊन बसायचे. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की पंधरवड्याला दोन किलो तुरटी. तुरटी गाळ खाली बसवते, पण अल्कॅलिनिटीही खाते: एवढ्या पाण्यात दोन किलोने साधारण १८ पीपीएम. मे महिन्यात विहीर मचूळ आणि जड होते, मग पाण्याच्या रेषेवर कवच धरतं, आणि ते काढायला दरवर्षी दिवाळीआधी बाजारातलं ॲसिड ब्रशने लावून घासणं. ॲसिडला कवच आणि ग्राउट यांतला फरक कळत नाही, दोन्ही चुनाच.

या माणसाने चौदा वर्षं तलाव मनापासून स्वच्छ ठेवला होता. त्यांना कोणी पीएच आणि क्लोरीन याखेरीज काही मोजायचं असतं हे सांगितलंच नव्हतं, कीटमध्ये तेवढ्याच दोन बाटल्या होत्या. दोष द्यायचाच असेल तर तो तलाव बांधून देऊन हात झटकणाऱ्या आपल्या धंद्याला द्यायला हवा.

दिवाळीआधी का नाही

फरशी बदलावी लागेल असं दिसत असूनही तलाव ऑक्टोबरात रिकामा करू दिला नाही. कारण बंगल्याची विहीर. तलावापासून पंधरा-वीस पावलांवर, आणि तिच्यातलं पाणी जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटरवर. खोल टोकाला तळाच्या स्लॅबची खालची बाजू जमिनीपासून जवळपास १८० सेंटिमीटर खाली. म्हणजे त्या स्लॅबखाली ६० सेंटिमीटर पाण्याचा दाब, दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो, वरच्या दिशेने. १५० मिलिमीटरचा स्लॅब, गिलावा आणि टाइल मिळून वजन दर चौरस मीटरला सव्वाचारशे-साडेचारशे किलो. तलाव भरलेला असताना आतलं पाणी हा दाब सहज दाबून धरतं. रिकामा केला की स्लॅब वर फुगतो, तडकतो, आणि मोठ्या पावसात आख्खं टाकं जागचं हलल्याचीही उदाहरणं आहेत. दाब सोडवणारा व्हॉल्व्ह तळात बसवलेला असेल तर धोका कमी होतो. इथे तो नव्हता.

नियम एवढाच: जवळच्या विहिरीतली पातळी तलावाच्या तळाच्या स्लॅबच्या खाली गेल्याशिवाय तलाव रिकामा करायचा नाही. विहीर नसेल तर हातभर रुंदीचा खड्डा तळाच्या खोलीपर्यंत खणून त्यात पाणी येतं का ते बघायचं. कोकणात बहुतेक ठिकाणी हा मुहूर्त जानेवारीच्या सुमाराला येतो. मालकीणबाईंना दिवाळीचं वाईट वाटलं, पण गळती थांबली होती, कडा बोचू नयेत म्हणून सगळ्यांनी पायात रबरी पोहण्याचे मोजे घातले आणि सण झाला.

मधल्या काळात पाणी सुधारलं. अल्कॅलिनिटी ५० ने वाढवायला साडेचार किलो खाण्याचा सोडा, कॅल्शियम १०० ने वाढवायला साधारण पावणेआठ किलो कॅल्शियम क्लोराइडचे तुकडे. ते बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून, दोन वेगळ्या दिवशी. गेलेलं सिमेंट त्याने परत येत नाही, पण खाणं थांबतं.

रिकाम्या तलावात

जानेवारीत विहीर तीन मीटरवर गेल्यावर पाणी काढलं. आधी क्लोरीन शून्यावर येऊ दिलं आणि पाणी पोफळींच्या आळ्यांत न सोडता ओहोळाकडे वळवलं. वर हिरवी शेडनेट बांधली, कारण रिकाम्या तलावातली टाइल उन्हात तापली की धरून असलेलीही सुटू लागते.

मग लाकडी हातोडीने ठोकणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. धरून असलेली टाइल खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. हातभर चौकोन आखून प्रत्येक चौकोन ठोकायचा आणि बद्द आवाजाच्या जागा खडूने रंगवायच्या. दिवस मावळताना तलावाच्या आत नुकसानीचा नकाशा उभा राहिला. पायऱ्या पूर्ण बद्द. तळ, खोल टोकाकडे निम्म्याहून जास्त, उथळ टोकाला ठिकठिकाणी. चारही भिंतींवर पाण्याच्या रेषेजवळचा फूटभर पट्टा. आणि त्याखालच्या भिंती जवळपास सगळीकडे खणखणीत.

नकाशा बघून केअरटेकर स्वतःच म्हणाले, "जिथे मी औषध टाकलं आणि जिथे ॲसिड लावलं, तिथेच गेलंय." अगदी तसंच होतं. टीसीसीएचे दाणे जिथे बसायचे त्या पायऱ्या आणि तळ, ॲसिड जिथे लागायचं तो पट्टा. निव्वळ वय झालं असतं किंवा बांधकामच कच्चं असतं, तर भिंती इतक्या नीट राहिल्या नसत्या.

चार ठिकाणी फरशी फोडून खालपर्यंत पाहिलं. तळावर टाइलखालचा पांढरा थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर वाळू होऊन निघाला, त्याखालचा वॉटरप्रूफिंगचा गिलावा मात्र टणक. ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. चुना शाबूत असलेलं सिमेंट त्याने गुलाबी होतं. वरचा थर रंगहीन राहिला, खालचा गिलावा लगेच गुलाबी झाला. यावरून किती खोल फोडायचं ते ठरलं: टाइल आणि तिचा थर काढायचा, गिलाव्याला धक्का लावायचा नाही. गंजाच्या तीन डागांजवळ फोडलं तर सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम १०-१२ मिलिमीटर, आणि सळई पापुद्रे सुटलेली. तिथे फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी आलं तरी समाधान मानायचं नसतं, कारण क्लोराइडने होणारा गंज ही चाचणी दाखवत नाही. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडलं, सळई वायर ब्रशने चकचकीत केली, गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मॉर्टरने भरलं.

किती बदललं आणि का तेवढंच

ठेकेदाराचा पहिला अंदाज सगळ्या तलावाचा होता, पायऱ्यांसकट सुमारे ७८ चौरस मीटर. आम्ही बदललं ते सुमारे ५२: तळ, पायऱ्या आणि पाण्याच्या रेषेचा पट्टा. भिंतींचा उरलेला भाग ठेवला, फक्त सांधे खरवडून नवीन ग्राउट भरलं.

याला मालकांचा विरोध होता आणि तो समजण्यासारखा होता. नव्या-जुन्या टाइलचा रंग जुळणार नाही, ठिगळ दिसेल. म्हणून रंग जुळवायचा प्रयत्नच केला नाही. पट्टा गडद निळा घेतला, तळ फिकट, मधल्या भिंती आहेत तशा. असा वेगळा पट्टा नव्या तलावांतही करतात. आणखी एक मुद्दा त्यांना पटला: धरून असलेली टाइल छिन्नीने काढताना खालचा चांगला गिलावा हमखास दुखावतो, मग वॉटरप्रूफिंगही नव्याने करावं लागतं. खणखणीत वाजणारी भिंत निव्वळ एकसारखं दिसावं म्हणून फोडणं मला पटत नाही. पण भिंतींवरही तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे बद्द आवाज आला असता, तर मी सगळंच काढा म्हणालो असतो. तेवढ्या ठिगळांत मजुरी सारखीच लागते आणि उरलेलं दोन-तीन वर्षांत मागे लागतं.

नव्या टाइलसाठी काचेच्या टाइलचं पॉलिमरयुक्त ॲडहेसिव्ह, आणि ग्राउट सगळीकडे एपॉक्सी. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा ते कितीतरी महाग पडतं आणि कारागीर चांगला हवा, कारण टाइलवर राहिलेलं एपॉक्सी वेळेत पुसलं नाही तर नंतर निघत नाही. पण त्यात चुनाच नसल्याने पावसाळी पाण्याला तिथे खायला काही मिळत नाही. जिथे वर्षाला दोन मीटर पाऊस उघड्या तलावात पडतो, तिथे सिमेंटचं ग्राउट वापरण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

पुढचा पावसाळा

कामाचा खरा कस जूनपासून लागला. केअरटेकरांना कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी मोजणारं कीट दिलं, आणि पावसाळाभर दर आठवड्याला चार आकडे वहीत लिहायचं ठरलं: पीएच, क्लोरीन, अल्कॅलिनिटी, कॅल्शियम. अल्कॅलिनिटी ८० च्या खाली गेली की सोडा, कॅल्शियम १५० च्या खाली गेलं की कॅल्शियम क्लोराइड. टीसीसीए थेट पाण्यात टाकणं बंद, ते तरंगत्या डब्यातून, आणि पावसाळ्यात शक्यतो त्याऐवजी लिक्विड हायपो (पातळ सोडियम हायपोक्लोराइट), जे पीएच खाली खेचत नाही. तुरटी अगदीच गरज पडली तर, आणि टाकली की दुसऱ्या दिवशी अल्कॅलिनिटी मोजायचीच. पाण्याच्या रेषेला ॲसिड नाही. मेमधल्या जड पाण्यात पीएच ७.२ ते ७.४ च्या दरम्यान ठेवून कवच धरूच द्यायचं नाही.

जुलैच्या मुसळधार आठवड्यांत सोडा वारंवार लागला, खर्च फरशीच्या तुलनेत नगण्य. वहीत कॅल्शियम एकदाच १३० पर्यंत उतरलेलं दिसतं, सलग चार दिवस वीज नव्हती तेव्हा. सप्टेंबरअखेर तळाच्या सांध्यांत नख अडकत नव्हतं आणि गाळणीत एकही टाइल आली नव्हती.

जुन्या ठेवलेल्या भिंती मात्र अजून चौकशीखाली आहेत. खडूच्या नकाशाचे फोटो चौकोनांच्या क्रमांकांसह मालकांकडे आहेत. दर जानेवारीत पाण्याची पातळी दीड फूट उतरवून त्याच चौकोनांवर हातोडी फिरवायची आणि बद्द चौकोनांची संख्या लिहायची, एवढं काम केअरटेकरांनी अंगावर घेतलं आहे. ही संख्या दोन वर्षं लागोपाठ वाढली तर भिंतींची पाळी, आणि तेव्हाही विहिरीची पातळी बघूनच.